वाळूतून उठलेली मोटार

श्रोतेहो, बंद पडलेले यंत्र दुरुस्त होते, हे आपण नेहमी पाहतो. पण बेचाळीस वर्षे वाळूत पुरलेली मोटार पुन्हा धावू लागली, असे कोणी सांगितले तर? ब्रिटनमधील वेल्स प्रांतात हे खरोखर घडले. त्या मोटारीचे नाव 'बॅब्ज'.

ती बांधवून घेतली काउंट लुई झ्बोरोव्स्की या शर्यतींच्या शौकिनाने. तिला विमानाचे बारा सिलिंडरांचे इंजिन बसवले होते. आपल्या विहिरीवरचा पंप पाच अश्वशक्तीचा. हे इंजिन साडेचारशे अश्वशक्तीचे! मागची चाके फिरत ती साखळ्यांनी, सायकलचे चाक फिरते तशी. १९२४ साली काउंट दुसऱ्या गाडीच्या अपघातात वारले आणि ही मोटार पॅरी-टॉमस या इंजिनियरांनी अवघ्या १२५ पौंडांना घेतली.

टॉमस यांनी ती सुधारली. एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनच्या सपाट वाळूवर तिने ताशी १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेल यांनी तो मोडला. तो परत मिळवण्यासाठी टॉमस ३ मार्च १९२७ रोजी धावले, आणि त्याच धावेत त्यांचा अंत झाला. मोटार तिथेच वाळूत पुरली गेली. साखळी तुटून टॉमस यांना लागली, असे लोक वर्षानुवर्षे सांगत राहिले.

१९६९ साली ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी रीतसर परवानगी घेऊन ती उकरून काढली. खाऱ्या ओलाव्याने धातू खाल्ला होता. मग जो भाग वाचेल तो साफ करायचा, जो गेला त्याचा नमुना घेऊन नवा घडवायचा, असे काम कित्येक वर्षे चालले. यात मोठा विवेक लागतो बरं का! सगळेच नवे घातले तर ती नुसती नक्कल. काहीच घातले नाही तर गाडी हलायची नाही.

आणि तुटके भागही बोलू लागले. ते तपासल्यावर, आधी मागचे उजवे चाक मोडले असावे, असा कयास पुढे आला. साखळीवरचा जुना ठपका संशयात पडला.

शिक्षक बंधुभगिनींनो, मोडके पंप, जुनी घड्याळे भंगारात देण्यापूर्वी एकदा मुलांसमोर उघडा. यंत्र का मोडले, हे पुष्कळदा ते यंत्रच सांगते.