दाव्याला स्वल्पविराम

नोव्हेंबर १९७०. फिलाडेल्फिया परिसरातल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचा फोन टॅप करायला अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जॉन मिचेल यांनी मंजुरी दिली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांना पळवून नेण्याच्या बेतात युद्धविरोधी कार्यकर्ते आहेत, असा सरकारचा संशय होता. न्यायालयाचं वॉरंट मात्र काढलेलं नव्हतं. त्या टॅपिंगमध्ये कीथ फोरसाइथ या कार्यकर्त्याची तीन संभाषणं ऐकली गेली.

फोरसाइथ यांनी १९७२ मध्ये मिचेल यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. कनिष्ठ न्यायालयाने मिचेल यांना जबाबदार धरलं. आता फक्त रक्कम ठरायची बाकी होती. तेवढ्यात मिचेल अपिलात गेले.

त्यांच्या हातातली ढाल म्हणजे ‘क्वालिफाइड इम्युनिटी’. अधिकाऱ्याने नागरिकाचा हक्क डावलला असला, तरी तो हक्क त्या वेळी कायद्यात स्पष्टपणे प्रस्थापित नसेल, तर त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही. ही कसोटी सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये ‘हार्लो विरुद्ध फिट्झजेराल्ड’ प्रकरणात घालून दिली आणि सोबत बजावलं, की या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत ‘डिस्कव्हरी’ सुरू करू नये. डिस्कव्हरी म्हणजे सुनावणीआधी एकमेकांची कागदपत्रं मागवणं, साक्षीदारांचे शपथेवर जबाब घेणं. त्यात महिनोन्महिने जातात, वकिलांची बिलं फुगतात आणि अधिकाऱ्याची कामं खोळंबतात.

मिचेल प्रकरणात १९८५ मध्ये कोर्ट आणखी पुढे गेलं. हे संरक्षण नुसतं भरपाईपासून नाही, खटल्याच्या कटकटीपासूनही आहे. खटला चालून गेल्यावर ते मिळून उपयोग काय? म्हणून संरक्षण नाकारल्याविरुद्ध लगेच अपील करता येईल आणि त्या काळात खालचं कामकाज सहसा थांबेल. खुद्द मिचेलही सुटले. असं वॉरंटविना टॅपिंग घटनाबाह्य असल्याचा निकाल १९७२ चा होता, फोन टॅप झाला होता १९७० मध्ये.

वादीची अडचण इथेच आहे. आदेश कोणी दिला, कोणाला काय ठाऊक होतं, हे सरकारी फायलींमध्ये असतं आणि स्थगितीच्या काळात त्या फायली बंद. दरम्यान साक्षीदार निवृत्त होतात, तपशील विसरतात.

तरी अधिकाऱ्याने अपील म्हटलं, की प्रत्येक वेळी सगळं थांबतंच असं नाही. इन्सुलिनच्या त्रासाने रस्त्यात झटका आलेल्या एका मधुमेही माणसाला पोलिसांनी पकडलं. त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याने दावा केल्यावर तिघा पोलिसांचं म्हणणं होतं, की आपण मारहाण केल्याचा पुरावाच नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना एकमताने सांगितलं, की हा वाद कायद्याचा नाही, कोणी काय केलं याचा आहे, आणि त्यासाठी अंतिम निकालाआधी अपील करता येणार नाही. मधुमेही माणसाच्या दाव्याची सुनावणी पुढे सरकायला वाट मोकळी झाली.