पतमाहिती अहवालाची दुरुस्ती

पत आणि ऐपत हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत भेद आहे. ऐपत म्हणजे कर्ज फेडण्याची शक्ती, तर पत म्हणजे हा मनुष्य कर्ज फेडील असा दुसऱ्याला वाटणारा विश्वास. पूर्वी हा विश्वास सावकाराच्या किंवा पेढीवाल्याच्या मनात असे आणि त्याच्या वहीत उतरत असे. आज तो पतमाहिती अहवाल या दस्तऐवजात नोंदला जातो. हा दस्तऐवज लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्याने कर्जदाराला कधी पाहिलेलेही नसते. म्हणूनच त्यातील एखादी चुकीची नोंद कोणाच्याही लक्षात न येता वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

भारतात या व्यवस्थेचा आरंभ 2000 साली सिबिल या संस्थेच्या स्थापनेने झाला. पुढे 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा संमत झाला व 2006 च्या अखेरीस तो अमलात आला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. बँका व इतर वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती या चारही कंपन्यांना पुरवितात. ही माहिती पूर्वी महिन्यातून एकदा दिली जाई. 2025 च्या जानेवारीपासून ती दर पंधरवड्याला देणे बंधनकारक करण्यात आले. तिच्या आधारे 300 ते 900 यांच्या दरम्यानचा एक गुणांक काढला जातो. तो जितका अधिक, तितकी पत चांगली.

या अहवालाचा प्रभाव आता केवळ कर्जापुरता उरलेला नाही. स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक त्याच्या पतमाहितीतील प्रतिकूल नोंदींमुळे रद्द केली होती आणि 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. घर, शिक्षण, व्यवसाय आणि काही ठिकाणी नोकरीदेखील ज्या कागदावर अवलंबून आहे, तो निदान एकदा डोळ्यांखालून घालणे हे प्रत्येक कर्जदाराचे कर्तव्य ठरते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने गुणांक घटतो, ही समजूत निराधार आहे. मात्र थोड्या काळात अनेक संस्थांकडे कर्जासाठी अर्ज केले आणि त्या संस्थांनी अहवाल मागविला, तर त्याचा अनिष्ट परिणाम होऊ शकतो.

अहवाल हाती आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: ही प्रतिकूल नोंद खोटी आहे की खरी? दुरुस्तीचा सारा विचार या एका प्रश्नावर उभा आहे, कारण या दोहोंचे उपाय सर्वस्वी भिन्न आहेत.

खोट्या नोंदी अनेक प्रकारच्या असतात. पूर्ण फेडलेले कर्ज येणे म्हणून दाखविलेले असते. नामसादृश्यामुळे एकाचे खाते दुसऱ्याच्या नावावर चढते. एकच कर्ज दोनदा नोंदले जाते. कधी कधी तर आपल्या पॅन क्रमांकाचा गैरवापर करून तिसऱ्यानेच कर्ज उचललेले असते. अशा वेळी पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रतही जोडावी. यांपैकी काहीही आढळले, तर तक्रार पतमाहिती कंपनीकडे करता येते, तशीच ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही करता येते. दोन्हीकडे करणे अधिक श्रेयस्कर. याचे कारण कायद्यातच आहे. कंपनी केवळ आपल्या शब्दावर नोंद बदलू शकत नाही. ज्या संस्थेने माहिती पुरविली, तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे कळविल्यावरच ती बदलते. तेव्हा तक्रारीबरोबर खात्याचा उतारा, हप्ते भरल्याच्या पावत्या आणि बेबाकी दाखला यांच्या प्रती जोडाव्यात आणि तक्रारीचा क्रमांक व दिनांक जपून ठेवावा.

दिनांकाला येथे विशेष महत्त्व आहे. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागला पाहिजे. त्यांपैकी पहिले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेने सुधारित माहिती पाठविण्यासाठी आहेत. एप्रिल 2024 पासून अमलात असलेल्या नियमानुसार 30 दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसामागे तक्रारदाराला 100 रुपये भरपाई मिळते. उदाहरणार्थ, निकालास 45 दिवस लागले, तर 15 दिवसांचे 1,500 रुपये होतात. विलंब ज्या संस्थेमुळे झाला, तिने ही रक्कम द्यावयाची असते. तक्रार फेटाळली, तर तिचे कारण कळविणेही बंधनकारक आहे. एवढे करूनही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पतमाहिती कंपन्या 2022 च्या सप्टेंबरपासून लोकपालाच्या कक्षेत आल्या असून या तक्रारीस शुल्क पडत नाही.

आता खऱ्या नोंदीचा विचार करू. हप्ते खरोखरच चुकले असतील, तर ती नोंद कोणत्याही अर्जाने पुसली जात नाही. पतमाहिती निदान सात वर्षे जतन करावी असा दंडक आहे. येथे उपाय एकच: थकबाकी भरणे आणि त्यानंतरचे हप्ते वेळेवर देत राहणे. जुनी नोंद नाहीशी होत नाही. पण तिच्यापुढे नियमित फेडीचे महिने जसजसे साठत जातात, तसतसे तिचे वजन घटते. क्रेडिट कार्डावरील मर्यादा काठोकाठ न वापरणे, हेही या काळात हिताचे असते.

दोन संज्ञांबाबत मात्र कर्जदारांची नेहमी फसगत होते. पहिली ‘निर्लेखित’. बँकेने कर्ज निर्लेखित केले म्हणजे ते माफ केले असे नव्हे. बँकेने आपल्या हिशेबातून ती रक्कम काढली, कर्जदाराच्या डोक्यावरून काढली नाही. दुसरी ‘तडजोड’. लाखाच्या येण्यापोटी साठ हजार घेऊन बँकेने खाते मिटविले, तर कर्जदाराला सुटल्यासारखे वाटते. परंतु अहवालात ते खाते ‘पूर्ण फेडले’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटविले’ असे दिसते, आणि पुढचा ऋणको पारखणारा अधिकारी त्यातून उरलेल्या चाळीस हजारांचा बोध घेतो. शक्य असल्यास बँकेशी बोलून उर्वरित रक्कम भरावी, बेबाकी दाखला घ्यावा व खात्याची स्थिती बदलून घ्यावी. जामीनदारांनीही ध्यानात ठेवावे की, ज्या कर्जाला आपण जामीन राहिलो, ते आपल्याही अहवालात दिसते, आणि दुसऱ्याने थकविलेल्या हप्त्याचा डाग आपल्या नावावर पडू शकतो.

अशा अडचणीच्या वेळी ‘तुमचा अहवाल महिन्याभरात स्वच्छ करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्याविषयी निर्णय करणे कठीण नाही. नोंद खोटी असेल, तर ती दुरुस्त करून घेण्याचा मार्ग कर्जदाराला विनामूल्य खुला आहे. नोंद खरी असेल, तर ती पुसण्याचा अधिकार त्या मध्यस्थाला नाही. दोन्ही बाबतींत त्याला दिलेले पैसे आणि त्याच्या हाती सोपविलेली कागदपत्रे यांतून नवे संकट मात्र उद्भवू शकते.

सावकाराच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पूर्वी ऋणकोला क्वचितच पाहावयास मिळे. आजच्या कायद्याने त्याला ती वही पाहण्याचा व तीतील चुकीवर बोट ठेवण्याचा अधिकार दिला आहे. कर्जाची गरज पडेपर्यंत न थांबता, दरवर्षी एकदा हा अधिकार बजावावा. कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर चूक शोधण्यात जे 30 दिवस जातात, ते आधीच शोधल्यास हाती उरतात.