कूस मजबूत, तर कंबर शाबूत

ऊसतोड असो की कपाशीवरची फवारणी, संध्याकाळी पारावर एक वाक्य हमखास कानी पडते, "कमरेत उसण भरली बघा." मग कोणी शेक घेतो, कोणी मलम चोळतो, कोणी मेडिकलमधून गोळी आणतो. दोन दिवसांनी गडी पुन्हा रानात आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच. ऐन सुगीत घरचा कर्ता माणूस आठ दिवस खाटेवर पडला, तर मजुरीही जाते आणि कामही अडते. म्हणून दुखण्याचे मूळ समजून घेतलेले बरे.

कुशीतले तिरके स्नायू

बरगड्यांपासून कमरेच्या हाडापर्यंत दोन्ही कुशींत स्नायूंचे थर एकावर एक बसलेले असतात. सर्वांत वरचा थर तिरका खाली आणि पुढे उतरतो. विजारीच्या खिशात हात घातल्यावर बोटांची जी दिशा असते, तीच त्याची. त्याच्या आतला थर बरोबर उलटा, कमरेच्या हाडाकडून वर आणि पुढे जाणारा. त्याच्याही आत तिसरा, आडवा थर असतो. बाज विणताना सुंभ दोन्हीकडून तिरका ओढतात, म्हणून ती ताठ राहते. कमरेचेही तसेच आहे.

डावीकडे वळताना उजव्या कुशीचा वरचा थर आणि डाव्या कुशीचा आतला थर बैलजोडीसारखे मिळून ओढतात. पण वळवणे एवढेच त्यांचे काम नव्हे. उजव्या हातात भरली बादली घेतली की अंग उजवीकडे कलू न देण्याचा मोठा भार डावी कूस उचलते. ही कूस दमली की भार मणक्यावर येतो.

चूक कुठे होते?

खाली वाकायचे, पोते उचलायचे आणि त्याच झटक्यात कमरेतून वळून ट्रॉलीत टाकायचे, ही ती चूक. वाकणे, वजन आणि पीळ एकदम आले की मणक्यांमधल्या चकतीवर मोठा ताण पडतो. २०१८ पासून युरियाचे पोते ५० ऐवजी ४५ किलोचे झाले, तरी वजन थोडके नाही. पोते अंगाशी घ्या, गुडघ्यातून उठा आणि वळताना पाय फिरवा, कंबर नको. मोठे पोते दोघांनी धरावे. १६ लिटरचा पंप भरला की नुसते पाणीच १६ किलो होते. पंपाचा दांडा दोन्ही बाजूंना बसत असेल, तर अधूनमधून हात बदला.

तीन सोपे व्यायाम

पहिला, कुशीवरचा टेका. एका कुशीवर झोपून कोपर खांद्याखाली टेकवा, गुडघे दुमडा आणि कंबर उचलून १० सेकंद धरा. श्वास चालू ठेवा. दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा करा. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मणक्यावर संशोधन केलेले प्रा. स्टुअर्ट मॅक्गिल यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांपैकी हा एक.

दुसरा, हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवणे, मग उलट. पाठ हलू द्यायची नाही.

तिसरा तर रोजच्या कामातलाच. एका हातात अर्धी बादली घेऊन ताठ २०-२५ पावले चाला, मग हात बदला. तालमीत करेला फिरवणाऱ्या पैलवानाची कूसही अशीच अंग सावरत घट्ट होत जाते.

रात्रभराच्या झोपेनंतर मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून उठल्या उठल्या खोल वाकण्याचे व्यायाम नकोत. कूस पिळल्याने पोटाचा घेर कमी होतो, हाही गैरसमजच.

इकडे दुर्लक्ष नको

कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा. पाय लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. हर्निया असलेल्यांनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायांनी आधी विचारूनच व्यायाम करावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींनाही एक विनंती. गोदामासमोर ट्रॉलीच्या उंचीचा एक ओटा बांधून घ्या. पोती जमिनीवरून उचलावी लागली नाहीत, तर गावातल्या कितीतरी कमरा वाचतील.