ईमॅक्समधल्या गप्पा आणि पासवर्डची फाइल

दिवसभर ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला गप्पांसाठी वेगळं ॲप उघडणं जिवावर येतं. लेखन, टिपणं, ईमेल, प्रोग्राम असं सगळं एकाच ठिकाणी, बोटांना सवय झालेल्या त्याच किल्ल्यांवर चाललेलं असतं. मग गप्पांनीच बाहेर का राहावं? रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू ईमॅक्स लोकांपुढे आणलं ते १९८५ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची यंत्रणा लिहिली. दोन्हींचा सगळा कारभार साध्या अक्षरांचा, त्यामुळे त्यांचं उत्तम जमतं. ईआरसी हा आयआरसीचा क्लायंट तर २००७ च्या ईमॅक्स २२ पासून ईमॅक्ससोबतच येतो.

जोडणी करणं अगदी सोपं आहे. मेटा-एक्स दाबायचं, ईआरसी-टीएलएस लिहायचं, सर्व्हर म्हणून आयआरसी.लिबेरा.चॅट, पोर्ट ६६९७ आणि आपलं टोपणनाव द्यायचं. (फ्रीनोड या जुन्या आयआरसी नेटवर्कमधून बाहेर पडलेल्या स्वयंसेवकांनी मे २०२१ मध्ये लिबेरा चॅट सुरू केलं. मुक्त सॉफ्टवेअरची बरीच मंडळी आता तिथेच भेटतात.) सर्व्हरचा स्वागताचा मजकूर सरकत जातो, आपण चॅनलमध्ये शिरतो आणि बोलायला लागतो. इथवर यायला चहा होईल तेवढासुद्धा वेळ लागत नाही. मी मात्र प्रत्येक नव्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त वेळ देतो तो यानंतरच्या कामाला. ते काम म्हणजे पासवर्ड कुठे राहील हे ठरवणं.

आयआरसीच्या मूळ रचनेत टोपणनावावर कुणाचीच मालकी नव्हती. १९९३ चं आरएफसी १४५९ वाचलं तर दिसतं की एका वेळी एक नाव एकालाच मिळेल, एवढाच नियम होता. तुम्ही बाहेर पडलात की तेच नाव दुसरा कुणी घेऊन बसू शकत असे. पुढे नेटवर्कांनी निकसर्व्ह नावाची सेवा आणली. तिथे नाव नोंदवायचं, पासवर्ड ठेवायचा आणि आल्यावर ओळख पटवायची. ओळख पटवण्याची जुनी पद्धत म्हणजे चॅटच्याच ओळीत तिरकी रेघ देऊन निकसर्व्हला संदेश लिहायचा आणि त्यात पासवर्ड टाइप करायचा.

ही पद्धत मला मुळीच पसंत नाही, आणि त्याची कारणं ईमॅक्समध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतात. तिरक्या रेघेच्या आधी चुकून एक स्पेस पडली की ती ओळ आज्ञा राहत नाही, साधा मजकूर होते. मग पासवर्डसकट चॅनलमधल्या सगळ्यांपुढे जाते. स्पेस पडली नाही तरी ती ओळ ईआरसीच्या इतिहासात राहते. मेटा-पी दाबत मागे गेलं की पासवर्ड पुन्हा समोर हजर. शिवाय कंट्रोल-एच आणि एल दाबलं की ईमॅक्स आपण दाबलेल्या शेवटच्या ३०० किल्ल्या ओळीने दाखवतं. चॅटच्या ओळीत टाइप केलेला पासवर्ड त्या यादीतही एकेक अक्षर करून बसलेला असतो. कुणाला स्क्रीन दाखवत असाल तर हे लक्षात ठेवायला हवं.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे पासवर्ड ईमॅक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्येच लिहून टाकणं. एका मित्राने त्याची जोडणी का होत नाही हे पाहायला मला अख्खी सेटिंगची फाइल पाठवली. वरून चाळीसेक ओळी खाली त्याचा पासवर्ड अवतरणचिन्हांत होता. मी लगेच फोन केला.

"अरे, ही फाइल गिटवर टाकली आहेस का?"

"हो, सगळेच टाकतात ना. थांब, ती ओळ काढतो."

"ओळ काढून भागणार नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहील. आधी पासवर्ड बदल."

ईमॅक्सवाले सेटिंगच्या फाइली एकमेकांना दाखवतात, एकमेकांच्या उचलतात. मी स्वतः असंच शिकलो आणि ही देवघेव मला फार मोलाची वाटते. ती मोकळेपणाने चालू राहावी म्हणूनच पासवर्ड त्या फाइलीत असता कामा नये. सेटिंगची फाइल कुणालाही, कधीही, न तपासता देता आली पाहिजे.

ईमॅक्समध्ये याची सोय आहे, तिचं नाव ऑथ-सोर्स. तिची मुळं बातम्या आणि ईमेल वाचायच्या ग्नूस या प्रोग्राममध्ये आहेत, पण आज ईमेल पाठवणाऱ्यापासून चॅट करणाऱ्यापर्यंत अनेक पॅकेजं पासवर्डासाठी तिच्याकडेच वळतात. तिची फाइल अगदी साधी, युनिक्समधल्या एफटीपीच्या जुन्या नेटआरसी पद्धतीची. प्रत्येक खात्याला एक ओळ. मशीन आणि त्यापुढे सर्व्हरचं नाव, लॉगिन आणि त्यापुढे टोपणनाव, पोर्ट आणि आकडा, मग पासवर्ड. सेटिंगमधला पोर्ट आणि या ओळीतला पोर्ट जुळला नाही तर ऑथ-सोर्स काही तक्रार न करता ती ओळ ओलांडून पुढे जातं, आणि आपण शोधत बसतो की पासवर्ड का विचारला जातोय. जोडणी अडली की मी आधी तो आकडाच बघतो.

ही फाइल उघडी ठेवायची नाही. घरच्या डिरेक्टरीत ऑथइन्फो नावाने फाइल करताना नावाच्या शेवटी जीपीजी हे एक्स्टेंशन लावायचं. तेवढं पाहिलं की ईमॅक्स सेव्ह करताना एन्क्रिप्शन करणाऱ्या ग्नूपीजीला बोलावतं. सेव्हची किल्ली दाबली की एक छोटं बफर उघडतं आणि कुणासाठी एन्क्रिप्ट करायचं ते विचारतं. आपल्या ग्नूपीजी किल्लीच्या ओळीवर जाऊन एम दाबायचं, मग ओके. कुणालाच न निवडता पुढे गेलं तर ग्नूपीजी फक्त पासफ्रेजवर चालणारं एन्क्रिप्शन करतं. एकाच मशीनवर काम असेल तर तेही चालतं. नंतर टर्मिनलमधून तीच फाइल उघडून पाहा, नुसता कचरा दिसेल. ईमॅक्समध्ये उघडली की पासफ्रेज विचारून ओळी जशाच्या तशा समोर येतात. अशा फाइलीसाठी ईमॅक्स ऑटोसेव्हही बंद ठेवतं, म्हणजे अर्धवट उघडी प्रत डिस्कवर मागे राहत नाही.

एक खाच आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. ऑथ-सोर्स ज्या फाइली बघतं, त्यांच्या मूळ यादीत पहिलं नाव उघड्या ऑथइन्फोचं आहे आणि एन्क्रिप्ट केलेली दुसरी येते. काही पॅकेजं, उदाहरणार्थ ईमेल पाठवणारं, नवा पासवर्ड विचारल्यावर तो साठवू का असंही विचारतात. तिथे होकार दिला की तो यादीतल्या पहिल्या फाइलीत जातो, म्हणजे उघड्या. म्हणून मी सेटिंगमध्ये ऑथ-सोर्सेसच्या यादीत फक्त जीपीजीची फाइल ठेवतो, बाकीची नावं काढून टाकतो. हे सगळ्यात आधी करावं, पासवर्ड लिहायला घेण्यापूर्वी.

पासफ्रेज विचारायला ग्नूपीजी पिनएंट्री नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम वापरतं. डेस्कटॉपवर त्याची स्वतंत्र विंडो येते. दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमध्ये ईमॅक्स चालवत असाल तर पिनएंट्री आणि ईमॅक्स दोघं एकाच पडद्यावर लिहायला धावतात आणि सगळं विस्कटतं. लूपबॅक पद्धत चालू केली की पासफ्रेज ईमॅक्सच्या तळच्या ओळीतच विचारला जातो. मी ती फक्त नाइलाज असेल तिथेच वापरतो. पासफ्रेज ईमॅक्सच्या हातातून जाऊच नये, यासाठी वेगळी विंडो मला बरी वाटते. एकदा दिलेला पासफ्रेज ग्नूपीजीचा जीपीजी-एजंट लक्षात ठेवतो. मूळ सेटिंगनुसार शेवटच्या वापरापासून ६०० सेकंद आणि काहीही झालं तरी ७२०० सेकंदांपेक्षा जास्त नाही. पुष्कळजण कंटाळून हे आकडे दिवसभराचे करून ठेवतात. मी तसं करत नाही.

आता ईआरसीला ही फाइल दाखवायची. ईमॅक्स २९ मध्ये, म्हणजे २०२३ पासून, ईआरसीत एसएएसएल, म्हणजे जोडणी होतानाच ओळख पटवण्याची पद्धत, आलं आणि जुन्या पद्धतीची गरज संपली. मॉड्यूलच्या यादीत एसएएसएल जोडायचं आणि पासवर्डासाठी ऑथ-सोर्सकडे बघ असं त्याला सांगायचं. एसएएसएल आपणहून तिकडे बघत नाही. मग चॅनलमध्ये शिरण्याच्या आधीच ओळख पटते. सर्व्हर पुढचा मजकूर मागतो, ईआरसी नाव आणि पासवर्ड बेस६४ मध्ये गुंडाळून पाठवतं, सर्व्हरकडून ९०३ क्रमांकाचं उत्तर येतं की आत. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ते कुणीही उलटं करून वाचू शकतं. पासवर्ड वाटेत झाकून ठेवतं ते टीएलएस, म्हणून साध्या पोर्टवर हे काम कधीच करू नये.

ऑथ-सोर्सची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्याच्या उत्तरात आहे. शोध हाताने करून पाहिला तर सर्व्हर, टोपणनाव, पोर्ट सगळं दिसतं, पण पासवर्डच्या जागी एक फंक्शन असतं. ते मुद्दाम चालवल्याशिवाय पासवर्ड हाती येत नाही. चुकून छापला गेला, लॉगमध्ये गेला, डीबग करताना पडद्यावर आला, असं सहज होऊ नये याची काळजी लिहिणाऱ्याने घेतली आहे. अशी काळजी वापरणाऱ्याच्या नजरेस पडतही नाही, पण तिच्यामुळे त्या कोडवर माझा विश्वास बसला.

जोडणी झाली की मी मराठीत लिहून पाहतोच. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून देवनागरी इनस्क्रिप्ट चालू करायचं आणि टाइप करायचं. आयआरसीची एक ओळ शेवटच्या खुणांसकट ५१२ बाइटांची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमस्कार' लिहायला काना आणि हलन्त धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ईआरसी साधारण ४४० बाइटांना ओळ तोडतं, तेव्हा मराठीत दीडशे चिन्हांच्या आतच संदेशाचे दोन तुकडे होतात. लांब वाक्यं लिहिणाऱ्यांनी हे धरून चालावं.

पासवर्ड बदलायची वेळ आली की आधी निकसर्व्हकडे नवा ठेवायचा, मग जीपीजीची फाइल उघडून ती ओळ बदलायची. एवढं करूनही पुढच्या जोडणीला ९०४, म्हणजे ओळख पटली नाही, असं उत्तर येऊ शकतं. कारण ऑथ-सोर्स वाचलेला पासवर्ड ईमॅक्सच्या स्मृतीत दोन तास धरून ठेवतं आणि जुनाच पाठवतं. मेटा-एक्सने ऑथ-सोर्स-फर्गेट-ऑल-कॅश्ड चालवायचं आणि पुन्हा जोडायचं. जीपीजी-एजंट पासफ्रेज विसरला असेल तर पिनएंट्री तो मागेल, तो द्यायचा, आणि ९०३ येईल.