आवाजाच्या पोटातला आवाज

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं, की आपल्याला आठवतो तो मिरवणुकीतला कानठळ्या बसवणारा डीजे. ‘कसलं संगीत, नुसता गोंगाट!’ असं आपण सहज म्हणून जातो. पण हे संगीत घडवणाऱ्या दोघी जणी ऐकायच्या कशा, हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं.

पहिली इंग्लंडची डेलिया डर्बीशायर. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली. १९५९ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीने ‘आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही’ म्हणून तिला परत पाठवलं. पुढे बीबीसीत तिने टेपचे तुकडे ब्लेडने कापून, जोडून संगीत रचलं. रॉन ग्रेनरने लिहिलेली ‘डॉक्टर हू’ मालिकेची धून १९६३ मध्ये तिनेच अशी घडवली. तिच्याकडे पत्र्याची एक हिरवी लॅम्पशेड होती. तिच्यावर टोला मारायचा, ध्वनिमुद्रण करायचं, सुरुवातीचा ठोका कापून टाकायचा आणि मागे रेंगाळणारा नाद तेवढा ठेवायचा! देवघरातली घंटा वाजवून बघा. ठोका क्षणात संपतो, नाद मात्र कितीतरी वेळ घुमत राहतो. आपण ऐकतो तो ठोकाच.

दुसरी अमेरिकेची पॉलिन ऑलिव्हेरॉस. आईने तिला टेपरेकॉर्डर भेट दिला. तिने खिडकीत मायक्रोफोन ठेवून बाहेरचे आवाज टिपले. नंतर टेप लावली, तर त्यात तिने ऐकलेच नव्हते असे कितीतरी आवाज! मायक्रोफोन निवड करत नाही, आपला कान करतो. त्या दिवसापासून तिने सतत सगळं ऐकण्याचा नेमच धरला. १९८८ मध्ये जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून तिने साथीदारांबरोबर अकॉर्डियन वाजवलं. तिथे प्रतिध्वनी इतका लांबायचा, की पुढचा सूर लावण्याआधी मागचा ऐकावाच लागे. २०१६ मध्ये ती गेली, पण ‘डीप लिसनिंग’ ही तिची शिकवण आजही चालू आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला याचा काय उपयोग? महिलांच्या समुपदेशनाचं काम करताना मला तो रोज दिसतो. समोरची बाई म्हणते, “सगळं ठीक आहे हो ताई.” हा झाला ठोका. त्यानंतर ती थांबते, आवंढा गिळते, बांगड्या उगीच फिरवते. नेमक्या त्याच वेळी आपण सल्ला द्यायला लागलो, तर खरं दुखणं राहूनच जातं. थोडं थांबलं, की पुष्कळदा तीच बोलू लागते.

मैत्रिणींनो, एक करून बघा. मोबाइलचा रेकॉर्डर पाच मिनिटं स्वयंपाकघरात चालू ठेवा. काय काय ऐकू आलं ते आधी कागदावर लिहा, मग रेकॉर्डिंग ऐका. कुकरची शिट्टी यादीत असेलच. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी मारलेली हाक आहे का, तेवढं बघा.