ध्रुवीय समुद्रातले प्राणिप्लवक : किती, कोण आणि कुठे?

कोणत्याही योजनेचा एकूण आकडा मोठा दिसला की 'सगळे ठीक चालले आहे' असे सांगितले जाते. लाभ कोणाला आणि कोणत्या वस्तीत पोहोचला, हे विचारले की चित्र बदलते. चळवळीत काम करताना आम्हाला हा अनुभव नेहमी येतो. ध्रुवीय समुद्रातील प्राणिप्लवकांबाबतही नेमका हाच प्रश्न आहे.

प्राणिप्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत राहणारे लहान जीव. यातले बरेचसे सूक्ष्म वनस्पतिप्लवकांवर जगतात आणि पुढे मासे, पेंग्विन, सील, देवमासे यांचे अन्न होतात. संख्येने दोन्ही ध्रुवांकडे कोपेपॉड हे काही मिलिमीटरचे कवचधारी जीव सर्वाधिक आहेत. अंटार्क्टिकाभोवती वजनाच्या दृष्टीने क्रिल फार महत्त्वाचा. तो आपल्या जवळ्यासारखा दिसतो, पण सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याचे एकूण वजन ३० ते ५० कोटी टन असावे, असा अंदाज आहे.

मग काळजी कशाची? पहिली गोष्ट, कोण आहे याची. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात समुद्री बर्फाच्या खालच्या बाजूला वाढलेले शेवाळ खाऊन तग धरतात. बर्फ कमी असलेल्या पाण्यात अनेकदा साल्प हे पाणीदार, कमी पोषक जीव वाढतात. आर्क्टिकमध्ये चरबीने भरलेल्या मोठ्या कोपेपॉडांसोबत अटलांटिकमधून येणारी लहान जात दिसते. संख्या तेवढीच राहिली, तरी खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात कमी चरबी जाते.

दुसरी गोष्ट, कुठे आहे याची. क्रिल मत्स्यखाद्य आणि तेलाच्या कॅप्सूलसाठी पकडला जातो. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. तिथल्या साठ्याच्या ती सुमारे एक टक्काच आहे. पण जहाजे अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ गर्दी करतात आणि पेंग्विन व देवमासेही तिथेच जेवतात. पकड वेगवेगळ्या भागांत विभागणारा नियम होता. सदस्य देशांचे एकमत न झाल्याने २०२४ मध्ये तो संपला. २०२५ मध्ये ऑगस्टमध्येच मर्यादा गाठली गेली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला.

हे निर्णय घेणाऱ्या आयोगाचा भारतही सदस्य आहे. तिथे निर्णय एकमताने होतात, म्हणून आपल्या देशाच्या भूमिकेला वजन आहे. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रही आहे. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या क्षेत्राकडे जरूर पाहावे.

प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला कारणांची साखळी पाहायला शिकवतो. बर्फ, शेवाळ, क्रिल, देवमासा ही तशीच साखळी आहे. म्हणून कुणी एकूण आकडा पुढे केला, तर आपण तीन प्रश्न विचारूया : किती, कोण आणि कुठे?

जय भीम, नमो बुद्धाय.