टक्कर झाली, प्रकाश गेला

गॅसच्या शेगडीची निळी ज्योत म्हणजे मोडक्या रेणूंची करामत. इंधन जळताना त्याच्या रेणूंचे तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे मूलके. त्यातली काही जन्मतःच उत्तेजित असतात आणि जास्तीची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. सीएच हे मूलक ४३१ नॅनोमीटरला जांभळट-निळा प्रकाश देते, कार्बनच्या दोन अणूंची जोडी ५१६ च्या आसपास हिरवा. हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच, ३०९ च्या आसपास चमकते. पण तो अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

गंमत अशी, की जो प्रकाश बाहेर पडतो तो फार थोडा. उत्तेजित ओएचला एकटे सोडले, तर प्रकाश टाकायला त्याला सरासरी ७०० नॅनोसेकंद लागतात. ज्योतीत, नेहमीच्या हवेच्या दाबाला, त्याला जेमतेम दोन नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात कुठला तरी रेणू येऊन आदळतो आणि ऊर्जा हिरावून घेतो. साधारण साडेतीनशेतले एखादेच मूलक चमकते. बाकीच्यांच्या ऊर्जेची अखेर उष्णता होते.

आदळणारे सगळे सारखे नसतात. ज्योतीत नायट्रोजन सर्वांत जास्त, पण तापलेल्या वायूत ओएचला विझवण्यात तो कच्चा. पाण्याची वाफ मात्र पक्की, कारण तिचा ध्रुवीय रेणू ओएचला स्वतःकडे ओढतो. तापमान वाढले की रेणू सुसाट पळतात आणि ही ओढ तितकीशी उपयोगी पडत नाही.

इंजिनांवर काम करणाऱ्या संशोधकांना हे सारे जड जाते. ते २८३ नॅनोमीटरच्या लेसरने ओएचला उत्तेजित करून त्याच्या चमकेचे फोटो काढतात. पण जिथे वाफ कमी, तिथे तेवढीच मूलके जास्त उजळ दिसतात. यावर उपाय आहेत. पिकोसेकंद लेसर वापरून चमक किती वेगाने ओसरते ते थेट मोजता येते. २४८ नॅनोमीटरच्या लेसरने ओएचला अशा पातळीवरही नेता येते, जिथे टक्कर होण्याआधीच ते बहुधा स्वतःहून फुटते. प्रकाश अगदी कमी मिळतो, पण आजूबाजूच्या वायूंचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

म्हणून ज्वलनाचे असे रंगीत चित्र कुठे पाहिले, तर आधी एक विचारा: टकरांचा हिशेब केला आहे का? नसेल, तर उजळ भागात मूलके जास्त आहेत असे समजू नका.